बोलक्या बाहुलीमागचा माणूस

सरकारी खात्याचे, बँकेचे किंवा रेल्वेचे संकेतस्थळ उघडले की अलीकडे पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक गोल चेहरा उगवतो. चेहरा हसरा असतो, बहुधा बाईचा असतो, आणि तो आपणहून विचारतो, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" खालच्या चौकटीत आपण काही लिहिले की क्षणभर तीन ठिपके हलतात आणि उत्तर येते. पुसदसारख्या तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे संगणक शिकवला. त्यामुळे लोक मला या चेहऱ्याबद्दल विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, हे बाई बसते कुठी? यवतमाळले का मुंबईले?"

श्रोतेहो, या प्रश्नाला हसू नये. बोलणारे पात्र जिथे जिथे निर्माण झाले, तिथे तिथे त्याच्यामागे कोणीतरी माणूस होता. तो कुठे बसला होता आणि बघणाऱ्याला कितपत दिसत होता, एवढ्या एका धाग्यावर या पात्रांचा सगळा इतिहास ओवता येतो. आज तो धागा हाती धरायचा आहे, कारण आपल्या भागात हे पात्र आता पिकावर काय फवारावे इथपर्यंत सल्ला देऊ लागले आहे.

मराठी माणसाला अशा पात्राची ओळख काही संगणकाने करून दिलेली नाही. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर व दूरदर्शनवर गाजवलेल्या बोलक्या बाहुल्या आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. अर्धवटराव मालकाचीच खिल्ली उडवायचा आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. आवाज कुणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. पाध्ये बाहुल्याच्या शेजारीच बसलेले असत. शब्दभ्रमाची गंमत त्या उघड गुपितात होती. बाहुला काही वावगे बोलला, तर जाब कुणाला विचारायचा याबद्दल सभागृहात कुणाला शंका नव्हती.

रेडिओने आणखी एक पाऊल टाकले. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी श्रोत्यांना दिसत नव्हते, तरी ते आपल्याच घरातले वाटत. मात्र त्यांच्याशी आपल्याला बोलता येत नव्हते. फार तर पत्र टाकायचे आणि वाट पाहायची. आपण विचारले आणि पात्राने तिथल्या तिथे उत्तर दिले, ही गोष्ट घडायला संगणक यावा लागला.

१९५० मध्ये इंग्लंडमधले गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एका निबंधात एक खेळ सुचवला. पलीकडच्या खोलीत माणूस आहे की यंत्र, हे फक्त टंकलिखित प्रश्नोत्तरांवरून ओळखायचे. ओळखता आले नाही, तर यंत्र विचार करते असे म्हणायला हरकत कोणती, असा त्यांचा सवाल होता. हे कागदावरच राहिले. प्रत्यक्षात बोलणारे पहिले गाजलेले पात्र १९६६ मध्ये जगापुढे आले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी ते लिहिले आणि त्याचे नाव ठेवले 'एलायझा'.

हे नाव आपल्याला परके नाही. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली ती फुलवाली. एक भाषापंडित तिला उच्चभ्रूंसारखे बोलायला शिकवतो. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याच नाटकाची 'ती फुलराणी' केली आणि एलायझाची मंजुळा झाली. शिकवू तसे अधिकाधिक चांगले बोलणारी, म्हणून वायझेनबाउम यांनी हे नाव निवडले होते. थोडक्यात, पडद्याच्या कोपऱ्यात बसणाऱ्या सगळ्या पात्रांची पणजी म्हणजे ही फुलराणी.

तिची करामत अगदी साधी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा कळीचा शब्द पकडायचा, 'माझे'चे 'तुमचे' करायचे आणि वाक्य प्रश्न म्हणून परत टाकायचे. कुणी लिहिले, मला आईची आठवण येते, की तिने विचारायचे, आईची आठवण आल्यावर तुम्हाला आणखी काय आठवते? मानसोपचार करणारे काही डॉक्टर रुग्णाला असेच बोलते करतात. म्हणून वायझेनबाउम यांनी तिला डॉक्टरचा वेष दिला. तिला आई म्हणजे काय, आठवण म्हणजे काय, यातले काहीही कळत नव्हते.

पुढे जे घडले त्याने ते स्वतःच हादरले. त्यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम लिहिला जाताना कित्येक महिने पाहिला होता. तो प्रोग्रॅमच आहे हे तिला पक्के ठाऊक होते. तरी त्याच्याशी चार वाक्ये बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउमना खोलीबाहेर जायची विनंती केली. तिला एलायझाशी खासगी बोलायचे होते! काही मानसोपचारतज्ज्ञ तर असे यंत्र दवाखान्यात वापरता येईल म्हणू लागले. १९७६ मध्ये त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि जन्मभर ते बजावत राहिले की, यंत्राला एखादे काम करता येते एवढ्यावरून ते काम यंत्राकडे सोपवावे असे ठरत नाही. लहानपणी, १९३६ मध्ये, त्यांचे ज्यू कुटुंब हिटलरच्या जर्मनीतून अमेरिकेत आले होते. हुकूम पाळणारे आणि जबाबदारी न घेणारे यंत्र म्हणजे काय, याची त्यांना पुस्तकाबाहेरही ओळख होती.

अर्धवटराव आणि एलायझा यांच्यातला फरक इथे लक्षात घ्यावा. अर्धवटरावाच्या शेजारी पाध्ये दिसत होते. एलायझाच्या शेजारी कुणी दिसत नव्हते. जागा रिकामी दिसली आणि माणसांनी ती आपल्या मनाने भरून काढली.

एलायझा मराठीत का आली नाही, असे विद्यार्थी विचारायचे. त्याचे एक कारण व्याकरणात आहे. इंग्रजीत 'मी'चे 'तुम्ही' केले की बहुतेक वेळा भागते. मराठीत 'मी घरी गेलो'चे 'तुम्ही घरी गेलात' करावे लागते, म्हणजे क्रियापदही हलते. बोलणारी बाई असेल तर ती 'गेले' म्हणते, आणि आपल्या वऱ्हाडात तर 'गेली' म्हणते. शिवाय 'तू' म्हणायचे, 'तुम्ही' की 'आपण', हे आधी ठरवावे लागते. सत्तरीच्या म्हाताऱ्याला 'तू' म्हणणारे यंत्र पुसदच्या चावडीवर एक दिवस टिकायचे नाही.

दुसरे कारण अक्षरांचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर मराठी दिसत होती, पण संगणकाला ती कळत नव्हती. तेव्हाच्या बहुतेक फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' उमटला तरी संगणकाच्या पोटात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असे. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी व्हायची. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, मग प्रश्न समजून उत्तर देणे दूरच. पुण्याच्या सी-डॅकने १९८८ पासून भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. विंडोज २००० पासून ती सोय नेहमीच्या संगणकांवर पोचू लागली. मराठी बोलणाऱ्या पात्राचा पाया हा असा, कुणाच्या लक्षात न येता घातला गेला.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड वॉलेस यांनी 'अ‍ॅलिस' नावाचे पात्र रचायला घेतले. त्यांचे म्हणणे असे की, माणसे बोलताना फार काही नवे बोलत नाहीत. तेच ते प्रश्न फिरून विचारतात. म्हणून त्यांनी संभाव्य प्रश्नांचे साचे आणि त्यांची तयार उत्तरे लिहून काढली. हे साचे पुढे चाळीस हजारांच्या आसपास गेले. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहिराने समोरच्याचे सवाल आधीच ताडून जवाब पाठ करून ठेवावेत, तसाच हा प्रकार. माणसासारखे बोलणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचे लोबनर पारितोषिक अ‍ॅलिसने २०००, २००१ आणि २००४ अशा तीन वर्षी मिळवले. वॉलेस यांनी साचे लिहिण्याची पद्धत सगळ्यांना खुली केली. कुणीही बसून आपले पात्र लिहावे आणि आपल्या संकेतस्थळावर ठेवावे, हा रस्ता तिथून मोकळा झाला.

चेहरा मात्र दुसरीकडून आला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पानावर वावरणारी चार पात्रे दिली. त्यांत एक जादूगार होता, एक जिन होता, एक यंत्रमानव होता आणि पीडी नावाचा एक हिरवा पोपट होता. तो पानावर उडत यायचा आणि लिहून दिलेले वाक्य म्हणून दाखवायचा. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या त्या दिवसांत हा पोपट खाली उतरायलाच बराच वेळ लागायचा. शिवाय तो एकाच कंपनीच्या ब्राउझरमध्ये चाले. याच कंपनीने 'ऑफिस ९७'मध्ये ठेवलेली बोलकी टाचणी तर लोकांना नकोशी झाली, कारण न विचारता ती मध्ये मध्ये बोलायची. २००७ च्या आवृत्तीत ती दिसेनाशी झाली आणि विंडोज ७ आले तेव्हा पोपटालाही रजा मिळाली. पोपटपंचीला लोक फार दिवस भुलत नाहीत, एवढा धडा मागे राहिला.

आता पात्र पानात बसवतात कसे, ते सांगतो, कारण 'ही बाई बसते कुठे' याचे उत्तर त्यात आहे. संकेतस्थळाच्या मजकुरात दोन-चार ओळींची एक सूचना लिहिलेली असते. अमुक पत्त्यावरून पात्र आणून या कोपऱ्यात बसव, अशा अर्थाची. आपण पान उघडतो तेव्हा पान एका संगणकावरून येते आणि कोपऱ्यातली चौकट बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते. आपण लिहिलेला प्रश्न तिकडे जातो, कधी तिथून तिसऱ्या ठिकाणी जातो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. बाजारात दुकान पुसदच्या माणसाचे, दारात उभी केलेली बाहुली भाड्याची आणि तिच्या दोऱ्या ओढणारा परमुलखात, असा हा मामला. बाहुली आज गिऱ्हाइकाला काय म्हणाली, हे कधीकधी दुकानदारालाही ठाऊक नसते. आणि गिऱ्हाइकाने तिच्या कानात सांगितलेली घरची गोष्ट कुठवर गेली, हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

आपल्याकडे ही पात्रे २०१८ नंतर ठळकपणे दिसू लागली. रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावर त्या वर्षी 'आस्क दिशा' आली. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावर मुंबईच्या हॅप्टिक कंपनीच्या मदतीने असेच संवादी पात्र बसवण्यात आले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखले आणि परवानग्या ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आला होता. कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात, हे विचारण्याची ही नवी खिडकी. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेसाठी 'किसान ई-मित्र' सुरू झाले आणि पुढे ते मराठीतही बोलू लागले. २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने 'महाविस्तार' हे मोबाइल अ‍ॅप आणले. त्यात शेतकऱ्याने मराठीत विचारायचे आणि यंत्राने मराठीत सांगायचे, अशी सोय आहे.

या दोन टप्प्यांच्या मध्ये एक मोठा बदल झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि तयार जवाबांचा जमाना मागे पडला. नवे यंत्र अफाट मजकूर वाचून, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत वाक्य रचते. त्यामुळे त्याचे बोलणे ओघवते झाले. पण एक जुना गुण हरवला. पूर्वीचे पात्र अडले की 'मला समजले नाही' म्हणून मोकळे व्हायचे. नवे पात्र सहसा गप्प बसत नाही. माहीत असलेली गोष्ट आणि जुळवलेली गोष्ट ते सारख्याच ठाम सुरात सांगते.

यवतमाळ जिल्ह्यात ही बाब किती गंभीर आहे, ते वेगळे सांगायला नको. २०१७ चा खरीप आपण विसरलेलो नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती, तोंडाला फडकेसुद्धा नव्हते. पुढे गुलाबी बोंडअळीने उरलेले पीक खाल्ले. तेव्हा 'कोणते औषध, किती पाण्यात' याचा सल्ला बऱ्याच जणांना मिळत होता तो औषध विकणाऱ्याच्याच काउंटरवर. आता तोच प्रश्न मोबाइलमधल्या पात्राला विचारला जाणार आहे.

पुसदला शेतीच्या सल्ल्याची एक परंपरा आहे. वसंतराव नाईक याच तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. ते मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठाने शिफारस करायची आणि कृषी खात्याच्या माणसाने ती बांधावर न्यायची, अशी साखळी बसली. साखळी तोकडी होती, माणसे कमी होती, पण प्रत्येक कडीला नाव होते. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले. १८००-१८०-१५५१ हा नंबर फिरवला की पलीकडे शेतकी शिकलेला माणूस बोलतो. तिथेही चेहरा दिसत नाही, पण 'थांबा, विचारून सांगतो' असे म्हणायची त्याला मुभा आहे.

मी यंत्राच्या विरोधात नाही. रात्री अकरा वाजता कृषी सहायकाला फोन करता येत नाही, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला बोलून विचारता येणे ही मोठी सोय आहे. पण एका कृषी सेवा केंद्राबाहेर मी एका तरुणाला मोबाइलशी बोलताना पाहिले. तो विचारत होता, "पऱ्हाटीले अळी लागली, काय मारू?" त्याच्या फोनने पहिला शब्द भलताच लिहून घेतला. त्याने दोनदा सांगितले, मग हसून 'कापूस' म्हणाला. छापील मराठी वाचून तयार झालेल्या यंत्राला वऱ्हाडातली पऱ्हाटी कुठून कळणार? तांड्यावरची गोरमाटी तर त्याहून दूर. माणसाने यंत्रासाठी आपली बोली बदलायची, हा उलटा न्याय आहे. आणि एक शब्द चुकला की औषध चुकते.

जबाबदारीचा प्रश्न आता न्यायासनापुढेही आलेला आहे. कॅनडातल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या पात्राने सांगितले की, घरात मृत्यू झाल्यामुळे केलेल्या प्रवासाची सवलत नंतर अर्ज करूनही मिळेल. कंपनीचा नियम तसा नव्हता. वाद झाला तेव्हा कंपनीने असाही बचाव केला की, ते पात्र म्हणजे आपल्या बोलण्याला आपणच जबाबदार असलेली वेगळी व्यक्ती आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे म्हणणे फेटाळले. पान ज्याचे, पानावरचा शब्द त्याचा, मग तो छापलेला असो की पात्राने उच्चारलेला, असा त्या निकालाचा मथितार्थ. प्रवाशाला आठशेहून अधिक डॉलर मिळाले. रक्कम किरकोळ होती. तत्त्व मात्र आपल्याकडच्या प्रत्येक खात्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

मग आपण मागायचे काय? पहिल्याच वाक्यात त्या पात्राने सांगावे की मी यंत्र आहे आणि अमुक खात्याच्या वतीने बोलत आहे. फवारणीचा सल्ला देताना तो कोणत्या विद्यापीठाच्या शिफारशीतला आहे आणि कोणत्या वर्षीचा, हे त्याने सांगावे. माहीत नसेल तेव्हा 'माहीत नाही' म्हणावे आणि तालुका कृषी कार्यालयाचा नंबर द्यावा. विचारलेले प्रश्न कुठे साठवले जातात, हे साध्या मराठीत लिहिलेले असावे. यात तंत्रज्ञानाला जड जाईल असे काही नाही. आपल्याकडे औषधाच्या बाटलीवरही बनवणाऱ्याचे नाव आणि तारीख छापावी लागते.

राहिला बोलीचा प्रश्न. तो दिल्ली-मुंबईत बसून सुटणार नाही. पुसदमध्ये १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इथली मुले संगणक शिकतात आणि सुट्टीत घरी जाऊन कपाशीही वेचतात. पिकांची, किडींची, अवजारांची वऱ्हाडी आणि गोरमाटी नावे गोळा करणे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करणे, यंत्र कुठे अडते आणि कुठे चुकते याची नोंद ठेवून ती कृषी खात्याला कळवणे, ही कामे एका हंगामात सुरू करता येतील. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक वही, एक मोबाइल आणि बांधावर बसून ऐकण्याची तयारी एवढे पुरे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)